आवाजाचा पत्ता

आंबा घाट उतरताना तो आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. कोल्हापूरहून रत्नागिरीला परतत होतो. पाऊस नुकताच उघडला होता, घाटात धुकं होतं, आणि काच चार बोटं खाली घेतली होती. एका वळणावर स्टेअरिंग डावीकडे घेतलं तसं उजव्या पायाच्या पलीकडून कुठूनतरी 'कर्र्र' आलं आणि वळण संपता संपता 'टण्ण'. ताणलेली तार सुटावी तसं. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "हे काय वाजलं?" मी काही बोललो नाही, कारण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं. ते होत नव्हतं. मला हाताने ओढून आणावं लागत होतं.

खरं तर आवाज त्याआधी दोन महिन्यांपासून होता. एका शहरातल्या वर्कशॉपमध्ये गाडी दोनदा दाखवून झाली होती. पहिल्या खेपेला दोन्ही लोअर आर्म बदलले, दुसऱ्या खेपेला लिंक रॉड. काढलेले जुने भाग मला दाखवले, ते चांगलेच दिसत होते. आवाज जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा फोनवरच सांगितलं, "रॅक गेला असणार, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." रक्कम पाच आकडी होती. पैशांपेक्षा त्या 'असणार'ने मी अस्वस्थ झालो. चाक आणि माझा हात यांच्यामधली जी साखळी आहे, तिच्याबद्दल कोणी अंदाजाने बोलावं हे मला पटेना.

म्हणून पालीला गेलो.

पाली हे तिठ्याचं गाव. लक्ष्मीपल्लीनाथाचं म्हणून भाविकांना ठाऊक, पण गाडीवाल्यांना ठाऊक आहे ते इथे दोन महामार्ग भेटतात म्हणून. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे जुना १७ आणि आताचा ६६, हातखंब्याकडून येऊन अंजणारीच्या पुलाकडे, लांज्याकडे जातो. मिऱ्या-नागपूर महामार्ग १६६ इथून पूर्वेला वळतो आणि नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो. दोन्ही रस्त्यांची रुंदी वाढवण्याचं काम गेली काही वर्षं याच भागात चाललं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला उत्तरेकडे पनवेलच्या बाजूने २०११ च्या सुमारास सुरुवात झाली. आमच्या वाट्याचा कांटे ते वाकेड हा टप्पा किती रेंगाळला, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कापलेल्या डोंगरातली जांभ्याची लाल माती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस, वळवलेल्या रस्त्यांवरची खडी आणि खाडीकडून येणारी खारी हवा: गाडीच्या पोटाखाली हे सगळं एकत्र होतं. त्याचा हिशेब पालीच्या गॅरेजांमध्ये दिसतो.

मी गेलो त्या गॅरेजचे मेस्त्री साठीच्या पुढचे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. विशीत मुंबईला गेले, कुर्ल्याकडे टॅक्सीच्या गॅरेजमध्ये हात काळे केले, आणि गिरण्यांच्या संपानंतर वाडीतले बरेच जण परतले तेव्हा तेही परत आले. वर पत्र्याची शेड, खाली गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीला पाने ओळीने टांगलेले. मी गाडी लावून तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं, "आवाज येतो ते समजलं. पन कदी येतो ते सांगा."

मग प्रश्न सुरू झाले. गाडी उभी असताना येतो की चालताना? नुसतं स्टेअरिंग फिरवल्यावर की खड्ड्यातून गेल्यावर? दोन्हीकडे वळताना की एकाच बाजूला? सकाळी गाडी थंड असताना जास्त की वीस किलोमीटर चालल्यावर? पावसात वाढतो की उन्हात? ब्रेक दाबला की बदलतो का? मी सहा महिने तीच गाडी चालवत होतो आणि यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. वर्कशॉपमध्ये कोणी विचारलीच नव्हती, त्यामुळे मीही कधी लक्ष दिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी पाना उचलला नाही. पोऱ्याला सांगितलं, "डिकी खाली कर." जॅक, स्टेपनी, पाण्याचा कॅन, एक जुनी छत्री, दारातल्या कप्प्यातल्या बाटल्या, सगळं बाहेर. "निम्मे आवाज हितंच उतरतात," म्हणाले. मग माझ्या शेजारी बसून नाणीजच्या दिशेने चार किलोमीटर गेले आणि आले. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा उघड्या. परत आल्यावर म्हणाले, "दोन आवाज हायत. एक करकर, एक खटखट. तुमाला दोन्ही मिळून एकच वाटतोय."

त्या एका वाक्यावर मी कितीतरी वेळ थांबलो. आपल्या भाषेत आवाजांना किती नावं आहेत! खटखट, खडखड, करकर, कुरकुर, घरघर, खुळखुळ, चर्र, टकटक. लिहिताना आपण ती एकमेकांच्या जागी सहज वापरतो. मेस्त्री वापरत नाहीत. त्यांच्याकडे करकर म्हणजे कोरडं लोखंड किंवा गंज घासतोय. कुरकुर म्हणजे रबर, म्हणजे बुश. खटखट म्हणजे जोडात जागा पडली आहे आणि धातू धातूवर आपटतोय. घरघर म्हणजे चाकाचं बेअरिंग. ती वेगाबरोबर वाढते आणि वळताना वजन एका बाजूला गेलं की बदलते. खुळखुळ म्हणजे काहीतरी सुटं आहे, बहुतेक वेळा गाडीचं नव्हे. आणि पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवली की चाकातून एका तालात येणारं 'कट-कट-कट' म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. तो स्टेअरिंगचा भागच नाही, पण स्टेअरिंग वळवल्यावर वाजतो म्हणून दोष स्टेअरिंगवर येतो. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की त्याचं रबर फाटलं आहे हे बघताच कळतं.

गाडी खड्ड्यावर घेतली. चावी फिरवून ठेवली, इंजिन बंद. माझ्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग विजेवरचं आहे. पोऱ्या आत बसून स्टेअरिंग सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवत होता. मेस्त्रींनी उजव्या चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून स्प्रिंगच्या वेटोळ्यावर चार बोटं टेकवली आणि डोळे मिटले. अर्ध्या मिनिटाने मला म्हणाले, "या, तुमी हात लावा. चाकाकडे नको, वर. हितं."

मी बोटं टेकवली. पोऱ्याने स्टेअरिंग फिरवलं. स्प्रिंग आधी फिरली नाही. पिळली गेली. धुतलेलं धोतर दोन टोकांना धरून पिळावं तशी बोटांखाली तिची ताण घेण्याची क्रिया जाणवत होती, आणि मग एका क्षणी 'टण्ण' करून ती सुटली आणि उडी मारून जागेवर आली. आवाज कानाला येण्याआधी बोटांना आला. दोन महिने, दोन वर्कशॉप फेऱ्या आणि दोन जोड्या नवे भाग एवढं करून जे सापडलं नव्हतं, ते बोटांच्या टोकावर होतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे जी सस्पेन्शनची रचना असते ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरने १९४० च्या दशकात आखली. तिच्यात चाक वळतं तेव्हा शॉकप आणि त्याच्यावरची स्प्रिंगही चाकाबरोबर वळते. वरचं टोक मात्र गाडीच्या सांगाड्याला बांधलेलं. वळणारं आणि न वळणारं यांच्या मध्ये एक चपटं बेअरिंग असतं, तळहाताएवढं. त्यात माती गेली, पाणी गेलं, गंज चढला की ते जाम होतं. मग चाक वळतं, स्प्रिंग पिळली जाते, बेअरिंग अडून बसतं आणि अचानक सुटतं. तेच अडलेलं बेअरिंग वळणानंतर स्टेअरिंगला सरळही होऊ देत नाही. आंबा घाटात मला जे दोन त्रास वेगळे वाटले होते, ते एकाच बेअरिंगचे होते.

राहिली खटखट. पुढची बाजू जॅकवर उचलून, खाली घोड्या लावून मेस्त्रींनी चाक आधी वर-खाली धरून हलवलं: वर एक हात, खाली एक. काही नाही. खालचा बॉल जॉइंट आणि चाकाचं बेअरिंग ठीक. मग डावीकडे एक हात आणि उजवीकडे एक, आणि झटका. 'खट्.' अगदी बारीक, पण हाताला कळणारा. पोऱ्याला तसाच झटका देत राहायला सांगून ते स्वतः खाली गेले आणि रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टायरॉड एन्डवर अंगठा ठेवला. मग रॅकच्या टोकाचं घडीघडीचं रबर दाबून आतला जॉइंट चाचपला. आतला घट्ट होता. बाहेरचा हलत होता.

त्यांनी मला टॉर्च दिला. टायरॉड एन्डच्या बॉलवर एक रबरी टोपी असते, लिंबाएवढी. तिला एका बाजूने चीर गेली होती, नखाएवढी. त्या चिरेतून लाल पाणी ओघळून वाळलेलं होतं. आत ग्रीस असायला हवं होतं तिथे जांभ्याचा गाळ.

मेस्त्री इथे जरा जोरात बोलले. "आमच्या टायमाला ह्या जॉइंटांना निप्पल असायचे. पद्मिनी आली की पयली ग्रीसगन. जॉइंट कुरकुरला की ग्रीस मारा, जुनी घाण बाहेर पडते, गप्प. आता निप्पल नाय. कंपनीतून भरून बंद. टोपी फाटली की जॉइंट मेला, मंग तुमी काय बी करा." टॅक्सीच्या गॅरेजमध्ये ते ज्या प्रीमियर पद्मिनींवर काम शिकले, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या, कुर्ल्याच्याच कारखान्यातून निघालेल्या. मुंबईच्या रस्त्यावरून त्या काळ्यापिवळ्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपल्या. वारंवार ग्रीस मागणारी गाडी वारंवार खालून पाहिली जायची, हा त्या जुन्या रीतीचा मोठा फायदा होता. आता वर्षभर कोणी गाडीखाली डोकावत नाही, आणि त्या टोपीवर मात्र सगळा भार.

मी घरी येऊन केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ उघडले. नियम ९८ स्टेअरिंगचा आहे. स्टेअरिंगचा मोकळा प्ले तीस अंशांहून जास्त नसावा, असं तो सांगतो. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलं आहे की स्टेअरिंगच्या सांध्यांमधल्या सर्व बॉल जॉइंटना रबरी टोप्यांचं संरक्षण असलं पाहिजे, आणि जिथे बोल्ट किंवा पिनांनी जोड पक्का केला असेल तिथे ते बोल्ट आणि पिना सुटणार नाहीत अशा अडकवलेल्या असल्या पाहिजेत. कायदा एवढ्या खाली उतरून एका टोपीचं आणि एका पिनेचं नाव घेतो, हे वाचून मला फार बरं वाटलं. ज्याने तो मसुदा लिहिला तो कधीतरी गाडीखाली गेलेला असणार. टायरॉड एन्ड निसटला तर ते चाक स्टेअरिंगच्या हुकमात राहत नाही. आंबा घाटात कठड्याच्या पलीकडे काय आहे ते या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण जाणतो. म्हणून खटखट ही त्रास म्हणून नव्हे, निरोप म्हणून ऐकायची गोष्ट आहे.

सुटे भाग रत्नागिरीहून यायला दोन दिवस लागणार होते. भाद्रपदाचा पहिला आठवडा, गणपती तोंडावर. मी ते दोन दिवस आणि नंतरचा एक गॅरेजमध्येच बसून काढले. मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या येत होत्या. रात्रभर चालून, कशेडी आणि परशुराम घाट मागे टाकून, टपाला मखराचे खांब बांधलेले. बहुतेकांचा पहिला शब्द एकच: "मेस्त्री, स्टेअरिंगमधून आवाज येतोय."

ठाण्याहून आलेल्या एका कुटुंबाच्या गाडीत चाक फिरलं की सतत खरखर होती, आणि वळताना वाढत होती. गाडी चालवणारा मुलगा घाबरून तीसच्या पुढे गेलाच नव्हता. चाक काढलं. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये वळवलेल्या रस्त्यावरचा एक खडा अडकला होता. स्क्रूड्रायव्हरने पत्रा किंचित वाकवला, खडा खाली पडला. त्याच्या आईने तो खडा उचलून पर्समध्ये ठेवला. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, "बाप्पा बसवा आदी" म्हणाले.

एक जुनी मोठी गाडी आली, तेलावरच्या पॉवर स्टेअरिंगची. वळवलं की 'ऊंऽऽ' असा रडका सूर. अशा गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबून रॅकला मदत करतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी इंजिनिअरने ही कल्पना १९२६ मध्ये चालवून दाखवली आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने ती पहिल्यांदा विक्रीच्या मोटारीत घातली. मेस्त्रींनी भांड्याचं झाकण उघडून मला दाखवलं: तेल खाली गेलं होतं आणि त्यावर फेस. फेस म्हणजे तेलात हवा गेली आहे, आणि पंप हवेवर ओरडतो. तेल कुठून गळतं ते आधी शोधलं (परतीच्या पाइपची क्लिप), मग पुस्तकात सांगितलेलं तेल भरलं. चाकं अधांतरी ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढली. टोकाला नेऊन तसंच दाबून धरू नका, असं त्यांनी मालकाला दोनदा बजावलं. तेव्हा पंपावर सगळा दाब येतो.

विजेवरच्या स्टेअरिंगला पंप नाही, तेल नाही. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो गाडीत ते प्रथम आलं, आणि आज आपल्याकडच्या लहान गाड्यांत तेच सर्रास असतं. त्याचे आवाज वेगळे. स्टेअरिंगच्या दांड्याच्या मधल्या फिरत्या सांध्यातून येणारी टकटक पायापेक्षा हातालाच जास्त कळते. हॉर्नजवळ कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर तो स्टेअरिंगखालच्या गुंडाळलेल्या पट्टीचा. तिथे एअरबॅगची वायर जाते. बॅटरी सोडवून थांबल्याशिवाय मेस्त्री तिकडे हात घालत नाहीत आणि कुणाला घालू देत नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझी गाडी. शॉकप बाहेर काढला. स्प्रिंग दाबणाऱ्या दोन पकडी दोन बाजूंना लावून, एकदा इकडे एकदा तिकडे असे थोडे थोडे आटे देत मेस्त्रींनी ती दाबली. त्या वेळी पोऱ्याला समोरून बाजूला केलं, मलाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याएवढी ताकद असते; पकडीशिवाय वरचा नट सोडणं हा खेळ नव्हे. बेअरिंग हातात आलं तेव्हा ते फिरत नव्हतं. मी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा 'कर्र्र' करून बोटभर सरकलं. आंबा घाटातला तोच आवाज, आता माझ्या तळहातावर.

टायरॉड एन्ड काढताना पोऱ्या मोठ्याने आटे मोजत होता. "सोळा... सतरा... साडेसतरा." नवा साडेसतरा आट्यांवरच थांबवला, म्हणजे अलाइनमेंटला रत्नागिरीपर्यंत जाताना गाडी फार ओढणार नाही. नट कसला. मग मेस्त्रींनी नवी स्प्लिट पिन घालून तिचे दोन पाय पक्कडीने दोन बाजूंना वाकवले. जुनी पिन दिसायला धड होती. ती त्यांनी सरळ करून मोडून टाकली, म्हणजे पोऱ्याला पुन्हा वापरायचा मोहच नको. रॅकला कोणी हातही लावला नाही.

संध्याकाळी पुन्हा नाणीजच्या रस्त्याने चार किलोमीटर गेलो. करकर नाही, खटखट नाही. वळणानंतर स्टेअरिंग हातातून आपणहून सरळ सरकत गेलं. परतताना पाऊस आला तसं मेस्त्री म्हणाले, "डाव्या बाजूचा एक बुश कडक झालाय. आता वाजनार नाय, पानी हाय तोवर रबर गप्प. आक्टोबरात बोलंल. तवा या. त्याच्याआदी बदलू नका, उगा पैसे कशाला."

मागच्या आठवड्यात पाऊस गेला. भात कापायला आलंय, रस्त्यावर पुन्हा धूळ आहे. काल सकाळी घरासमोरचा गतिरोधक ओलांडताना डाव्या बाजूने आवाज आला, 'कुर्र'. मी उतरून बुशवर बाटलीभर पाणी ओतलं आणि पुन्हा गतिरोधक ओलांडला. आवाज नाही. अर्ध्या तासाने पाणी वाळल्यावर पुन्हा ओलांडला: कुर्र. पालीला फोन करून सांगितलं तेव्हा पलीकडून विचारलं, "पानी टाकल्यावर गप्प झाला का?" झाला म्हटलं. "मंग शनवारी आना. रबर मागवून ठेवतो."